पगार थांबला, चूल नाही: दोन नोकऱ्यांच्या मधल्या स्वयंपाकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणच्या एका कारखान्यात मी १७ वर्षं गुणवत्ता तपासणीत होतो. एका सोमवारी पाळी संपायच्या आत आमच्या विभागातल्या सगळ्यांच्या हातात पाकिटं ठेवली गेली. पुढची नोकरी मिळायला दहा महिने लागले. घरात आम्ही चौघं: मी, अर्धवेळ नोकरी करणारी बायको, सातवीतला मुलगा आणि सोलापूर जिल्ह्यातून आमच्याकडे पुण्याला राहायला आलेली आई. त्या दहा महिन्यांत बहुतेक स्वयंपाक मीच केला. त्याआधी मला चहा आणि अंड्याची पोळी एवढंच येत होतं.

तेव्हापासून ओळखीत कुणावर ही वेळ आली की फोन येतो, आणि प्रश्न थोड्याफार फरकानं तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

पगार थांबला. स्वयंपाकघरात पहिलं काम काय करायचं?

दुकानात जाऊ नका. आधी सगळे डबे उघडा, माळ्यावरचेसुद्धा. आमच्याकडे साबुदाण्याच्या तीन अर्धवट पिशव्या निघाल्या, दीड किलो राजमा निघाला (का आणला होता, कुणालाच आठवेना), ओट्सचं न फोडलेलं पाकीट, आणि मावशीनं दोन उन्हाळ्यांपूर्वी पाठवलेले सांडगे-कुरडया. पहिले बारा दिवस आम्ही दूध, भाजी आणि तेल सोडून काही विकत आणलं नाही. त्या बारा दिवसांत घाबरणंही बरंच कमी झालं.

याच्या उलटी चूक माझ्या एका सहकाऱ्यानं केली. पैसे आहेत तोवर साठा करून ठेवू म्हणून त्यानं तांदळाचं अख्खं पोतं आणि डाळी भरल्या. पावसाळ्यात डाळीला कीड लागली आणि तांदळात सोंडे झाले. साठा करायचा तर ऊन दाखवायला गच्ची हवी आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची सवय हवी. ते नसेल तर महिन्याचंच भरा.

चौघांना महिन्याला किती लागतं?

प्रत्येक घराचं पोट वेगळं, तरी माझ्या वहीतले आकडे देतो. गहू १० किलो, ज्वारी ६, तांदूळ ६, डाळी मिळून ४ (त्यात हरभरा डाळ १), कडधान्यं २, शेंगदाणे दीड, पोहे आणि रवा एकेक किलो, तेल ३ लिटर, साखर अडीच, गूळ १, चहा अर्धा किलो. मिरच्या-मसाले वेगळे.

किराणा चौकातल्या चकचकीत दुकानातून न भरता भुसार मालाच्या दुकानातून सुटा भरा. गहू-ज्वारी निवडून गिरणीतून दळून आणणं तयार पिठापेक्षा स्वस्त पडतं, आणि निवडायला आता वेळ आहेच.

खरा धक्का मात्र धान्यात नव्हता. वहीत रोजचं लिहायला लागल्यावर कळलं की पैसे ‘वरच्या’ खाण्यात जात होते. बिस्किटं, फरसाण, पाव, नूडल्सची पाकिटं, आणि चहा. माणूस दिवसभर घरी असला की दोनाचे सहा कप होतात आणि दुधाची एक पिशवी वाढते. मी सकाळचा एक आणि चारचा एक असे दोनच कप ठेवले. मधल्या वेळी आई गवती चहाचा काढा करून द्यायची. तो मला कधीच आवडला नाही.

रोज डाळ-भात, पोळी-भाजी खाऊन कंटाळा येतो. काटकसरीत चवीचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही यावरच.

पैसे आखडले की लोक नेहमीचाच स्वयंपाक कमी सामानात करायला लागतात. पनीरच्या भाजीत पनीर कमी, बिर्याणीत मसाला कमी. असं जेवण दर घासाला आठवण करून देतं की काहीतरी कमी आहे. त्यापेक्षा मुळातच थोडक्यात होणारे पदार्थ करा. आपल्याकडे त्यांचा तोटा नाही. कमी पावसाच्या देशावरचा स्वयंपाक टंचाईतूनच घडलाय. पिठलं ही पनीरच्या भाजीची गरीब बहीण नव्हे, तिचं घराणंच वेगळं आहे.

एक हरभऱ्याची डाळ घ्या. तिच्या पिठाचं पातळ पिठलं होतं, कोरडा झुणका होतो, उकळत्या रश्श्यात गोळे सोडून डुबुक वड्या होतात, ताकात गोळे सोडले की कढीगोळे, थापून पाटवडी, आणि अंगात जोर असेल तर सारण भरून मासवडी. डाळ भिजवून वाटली की वाटली डाळ, न वाटता कांद्यावर शिजवली की डाळकांदा. यातले कुठलेही दोन पदार्थ तोंडात सारखे लागत नाहीत आणि सगळ्यांचा मुख्य खर्च तोच एक डबा.

आमटीचंही तसंच. आंबट बदललं की आमटी बदलते: चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो, कैरी. फोडणी बदलली की पुन्हा बदलते: नुसती हिंग-जिऱ्याची, ठेचलेल्या लसणाची, मोहरी-मेथी-कढीपत्त्याची. मसाला गोडा घाला, मराठवाड्यातला येसर घाला, नाहीतर कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला. गुणाकार केला तर ४५ आमट्या होतात. सगळ्याच चांगल्या लागतात असं नाही. भरपूर लसूण, टोमॅटो आणि गोडा मसाला हे त्रिकूट आमच्याकडे एकदाच झालं.

आणि ताटाची डावी बाजू ओस पडू देऊ नका. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची, लसूण-खोबऱ्याची अशा दोन तरी कोरड्या चटण्या बरणीत असू द्या. उडदाच्या डाळीचं भाजून दळलेलं पीठ दह्यात कालवून वर कच्चा कांदा घातला की डांगर होतं, त्याला गॅसही लागत नाही. हिरव्या मिरच्या तव्यावर तेलात परतून मीठ-लसूण घालून रगडल्या की ठेचा. भाजी पाणचट झाली तरी ठेचा जेवण ओढून नेतो, हे मी पहिल्या महिन्यात रोज अनुभवलं.

आईनं लहानपणी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. दुष्काळी कामांच्या वेळी मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांची चव ती अजून सांगते, आणि सांगताना तोंड वाकडं करते. माझ्या बेकारीला ती दुष्काळ म्हणायला तयार नव्हती. “तुला सुट्टी लागलीय,” म्हणायची.

तूरडाळ महाग झालीय. वरण सोडायचं का?

वरण सोडू नका, तुरीचा हट्ट सोडा. मसूर डाळ लवकर शिजते आणि सहसा स्वस्त असते. तुरीत निम्मी मिसळली तर आमटीत कुणाला कळत नाही, साध्या वरणात कळतं. मुगाची डाळ पचायला हलकी, रात्रीसाठी बरी. अख्खा मसूर तर कराड-सांगलीकडच्या ढाब्यांवर लोक पैसे मोजून खातात. तो कांदा-लसूण मसाल्यावर चांगला परतून दाट शिजवा आणि पोळीशी खा.

कोकणातल्या माणसाला कुळथाची पिठी सांगायला नको. देशावरच्यांनी करून पाहावी: कुळीथ भाजून, भरडून, पाखडून दळलेलं पीठ, लसणाची फोडणी, आमसूल, आणि मऊ भात. पीठ डब्यात तयार असेल तर दहा मिनिटांत जेवण होतं.

कडधान्याला मोड नीट येत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा पाणी. मटकी सकाळी निवडून भरपूर पाण्यात भिजत घाला, रात्री उपसून पूर्ण निथळू द्या आणि ओलसर सुती फडक्यात घट्ट बांधा. पाणी राहिलं की वास येतो, फडकं कोरडं पडलं की मोड थांबतात. थंडीत ती पुरचुंडी पिठाच्या डब्यात ठेवा, तिथे ऊब असते. बांधण्याआधी हाताला लागणारे गणंग काढून टाका, नाहीतर ते जेवताना दाताला लागतील.

पावशेर मटकी मोड आल्यावर दुपटीपेक्षा जास्त भरते. आमच्याकडे ती तीन जेवणं काढायची. पहिल्या दिवशी उसळ. उरलेल्या उसळीला दुसऱ्या दिवशी कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणि झणझणीत कट, की झाली मिसळ (फरसाणाऐवजी भाजक्या पोह्यांचा चिवडा, पुणेकरांनी नाकं मुरडली तरी). आणि मूठभर मटकी न शिजवता बाजूला काढलेली, तिचा तिसऱ्या दिवशी मसालेभात.

भाजी कुठून आणि कधी घ्यायची?

रात्री आठनंतर. भाजीवाल्यांना माल परत न्यायचा नसतो, तेव्हा वजन सोडून वाटे लावतात. मात्र वाटा घेतला की त्याच रात्री त्याचं काहीतरी करायला लागतं. टोमॅटो मऊ पडले असतील तर उकडून, गाळून सार करा. पालेभाजी निवडून कागदात गुंडाळून ठेवा. फुकटात मिळाली म्हणून आणलेली आणि तिसऱ्या दिवशी फेकलेली मेथी स्वस्त नसते, हे मी तीनदा शिकलो.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदे-बटाटे घाऊक मिळतात, पण एकट्या घराला ते जास्त होतात. आमच्या इमारतीतल्या तीन घरांनी मिळून आणायला सुरुवात केली आणि रिक्षाचं भाडंही वाटून घेतलं. तिघांपैकी एकानं मला का म्हणून विचारलं, मी खरं कारण सांगितलं. पुढच्या खेपेला त्यानं भाड्यातला माझा वाटा घेतला नाही. थोडं लाजल्यासारखं झालं, पण घेतलं.

हंगाम सांभाळा. थंडीत मेथी, पालक, मटार, गाजर, वांगी भरपूर खा. पावसाळ्यात पालेभाज्या महागतात आणि चिखलानं भरलेल्या येतात, तेव्हा कडधान्यं, सांडगे आणि सुकवलेली गवार बाहेर काढा. पहिल्या पावसानंतर मुळशी-मावळाकडच्या बायका टाकळा, भारंगी, कुर्डू घेऊन बसतात. कशी करायची ते त्यांनाच विचारा, घेणाऱ्याला त्या हौसेनं सांगतात.

साली, देठ, पाला यांचं खरंच काही होतं का?

दोडक्याच्या शिरा काढून त्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परता. तीळ, शेंगदाण्याचं कूट, लसूण, लाल तिखट घालून जाडसर कुटा. ही चटणी दोडक्याच्या भाजीपेक्षा चांगली लागते, आमच्या घरात मुलगा दोडका खात नाही पण शिरा खातो. मुळ्याचा पाला हरभरा डाळ घालून, फ्लॉवरचा कोवळा पाला झुणक्यात, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, दुधीची साल चटणीत.

मटारच्या टरफलांचीही भाजी होते असं ऐकून मी एका दुपारी आतला पापुद्रा सोलत बसलो. दीड तासात वाटीभर झालं. परत केली नाही. बेकार असलो तरी वेळ काही फुकट नव्हता.

शिळं किती आणि कसं खायचं?

शिळ्या पोळीची फोडणीची पोळी ही आमच्याकडे नाश्त्याला मागून खाल्ली जाते. कुणी तिला कुस्करा म्हणतं, कुणी चुरा. रहस्य एकच: कांदा पुरेसा लालसर होऊ द्या आणि वरून ताकाचा हबका मारा, म्हणजे घशाला कोरडी लागत नाही. त्याच पोळ्या कुस्करून गूळ-तूप घातलं की लाडू. भाकरी शिळी असेल तर ताकात कुस्करून, कच्चा कांदा आणि मिरची. उरलेल्या आमटीत कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडले की वरणफळं, सोलापूर-कोल्हापूरकडे चकोल्या. वरून कच्चं तेल किंवा तूप. पावसाळी रात्री याहून चांगलं मला काही सुचत नाही.

भाताबाबत सावध राहा. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये टाका आणि सकाळी फोडणीचा भात करताना पूर्ण वाफ आणा. बिघडलेल्या भातानं पोट बिघडलं की वाचवलेले पैसे औषधवाल्याकडे जातात.

भाकरी जमत नाही. पोळीवरच भागवावं का?

भागवायला हरकत नाही, आणि एक गैरसमजही दूर करतो. ज्वारी ही गरिबाची म्हणून स्वस्त, हे आता खरं राहिलेलं नाही. पुण्यात चांगली मालदांडी पुष्कळदा गव्हापेक्षा महाग असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. आम्ही ज्वारी घेत राहिलो ती पैसे वाचतात म्हणून नाही. भाकरीला कोरड्यास (तोंडी लावायला) थोडकं चालतं, पोट भरतं, आणि आईला तिच्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

जमत नसेल तर आधी पीठ तपासा. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, थापताना चिरा पडणारच. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत संपेल एवढंच दळा. बाजरीचं तर आठवड्याचंच, कारण ते कडवट होतं. पाणी चांगलं उकळतं घ्या, पिठात ओतून चमच्यानं कालवा, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. एका वेळी एकाच भाकरीचं. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला लगेच पाणी फिरवा, ते वाळायच्या आत उलटा, आणि शेवटी आचेवर फुगवा.

माझ्या पहिल्या भाकरीचे तव्यावरच तीन तुकडे झाले होते. आईनं ते ताकात कुस्करून खाल्ले आणि काही बोलली नाही. चाळिसाव्या की पन्नासाव्या भाकरीला पापुद्रा सुटला तेव्हाही काही बोलली नाही, फक्त दुसरी मागितली.

गॅस कसा पुरवायचा?

१४.२ किलोचं सिलिंडर आमच्याकडे पूर्वी ३८ दिवस जायचं, नंतर ५० च्या आसपास जायला लागलं. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकर लावायचा, तोही रिकाम्या भांड्यासकट नाही: खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा बीट. शिट्ट्या कमी, वाफ जिरायला वेळ जास्त. उरलेल्या वाफेतही शिजत असतं, घाईनं शिट्टी उचलू नका. भाजी झाकण ठेवून आणि झाकणावर पाणी ठेवून करा, ते गरम पाणी रश्श्याला वापरा. मोठ्या बर्नरवर छोटं पातेलं ठेवणं बंद केलं, एवढ्यानंही फरक पडला.

मुलं पिझ्झा, बर्गर मागतात. त्यांना काय सांगायचं?

खरं ते सांगा. सातवीतल्या मुलाला सगळं कळतं, आपण लपवलं की तो जास्त घाबरतो. आम्ही त्याला शनिवार दिला: शनिवारी तू सांगशील ते, पण घरी आणि तुझ्या मदतीनं. पावभाजी बऱ्याचदा झाली (त्यात दुधी आणि कोबी किती गेला हे त्याला अजून माहीत नाही, लोणी शेवटी एक चमचा). वडापाव झाला. थालीपिठावर चीज किसून टाकलं, ते मला स्वतःला पटलं नाही, पण शनिवार त्याचा होता.

महिन्यातून एकदा बाहेर जाऊन गाडीवरचा वडापाव किंवा पाणीपुरी खायचो. ते पैसे वहीत वेगळे लिहून ठेवलेले असायचे. तेवढंही कापलं असतं तर घर फार गप्प झालं असतं.

आम्ही मांसाहारी आहोत. मटण तर परवडत नाही.

मटण आम्ही दहा महिन्यांत दोनदा खाल्लं: एकदा आखाडात, एकदा धुळवडीला. दोन्ही वेळा अर्धा किलो, रस्सा जास्त, फोडी मोजून. एरवी अंडी. अंड्याच्या रश्श्याला वाटण मटणाचंच करा, कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजून, म्हणजे वास तोच येतो. चिकनवाल्याकडे मान-पाठीचे तुकडे वेगळे आणि स्वस्त मिळतात. ते हळद-मीठ-आलं घालून शिजवा, वरचं पाणी अळणी म्हणून मुलांना, उरलेल्याला फोडणी.

सुकट आणि जवळा हे तर वरदान. कोरडी भाजून, पाणी मारून, कांद्यावर परतली की मूठभर सुकटीत चार भाकऱ्या संपतात. वासाबद्दल शेजारच्यांची काय ती समजूत घालून ठेवा.

सोयाबीनच्या वड्यांची थट्टा होते, पण १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, डाळींच्या दुपटीहून जास्त. गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा घट्ट पिळल्या तरच त्यांचा उग्रपणा जातो. जाडसर भरडून खिम्यासारख्या करा.

पाहुणे आले तर?

पिठलं, भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, कांदा बुक्कीनं फोडून. सिंहगडावर हेच जेवायला लोक रांगा लावतात. आधी सांगून येत असतील तर अजून सोपं. आमचे साडू येताना आंबे घेऊन आले, मी लाजलो, बायकोनं आमरस केला.

रेशनवर काही मिळेल का?

शिधापत्रिका कुठली आहे त्यावर आहे. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण प्राधान्य यादीसाठी राज्यानं ठरवलेली मर्यादा शहरात वर्षाला ५९ हजार रुपये उत्पन्नाची, म्हणून पगारदार माणूस नोकरी गेली की आपोआप त्यात बसत नाही. आमचं कार्ड पांढरं होतं, काही मिळालं नाही. तुमचं केशरी असेल तर रेशन दुकानदाराला किंवा पुरवठा कार्यालयात एकदा विचारून या.

स्वयंपाक जमायला लागलाय. डबे द्यायला सुरुवात करू का?

घाई करू नका. चौघांना आवडणं आणि वीस जणांना रोज साडेबाराच्या आत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, भांडी लागतात, आणि एक दिवसही आजारी पडता येत नाही. मी आठवडाभर विचार केला आणि अर्ज पाठवत राहिलो.

बायकोला किंवा आईला पुरुषाची लुडबुड चालते का?

मिसळणाचा डबा होता तिथेच परत ठेवला आणि ओटा पुसला, तर चालते.

मुलाखतीच्या दिवशी काय खावं?

मऊ भात, मेतकूट, तूप. पोट शांत राहतं. आदल्या रात्रीपासून लसणाची चटणी आणि कच्चा कांदा बंद.

मुलाखत घरून व्हिडिओवर असेल तर आणखी एक. माझ्या तिसऱ्या मुलाखतीत कुकर लावून बसलो होतो, आणि “तुमची सगळ्यात मोठी उणीव सांगा” असं विचारल्याबरोबर शिट्टी झाली. समोरच्या बाई हसल्या, काय शिजतंय म्हणाल्या. चवळी होती. ती नोकरी मिळाली नाही, चवळीही जरा जास्तच शिजली.

तुमच्याकडच्या भाजणीचं प्रमाण द्याल का?

ज्वारी २ वाट्या, बाजरी १ वाटी, तांदूळ १ वाटी, हरभरा डाळ १ वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, गहू अर्धी वाटी, धणे अर्धी वाटी, जिरं २ चमचे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजा. एकत्र भाजलं तर जिरं करपतं आणि डाळ कच्ची राहते. पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा.

गिरणीत दुपारी जा, तेव्हा गर्दी नसते. आणि गिरणीवाल्याला स्पष्ट सांगा की भाजणी डाळीच्या दळणावर घाल, गव्हावर नको. आमचा गिरणीवाला पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, “वहिनी आल्या नाहीत?” आता विचारत नाही. डबा घेतो आणि डाळीवर घालतो.